शंभर फिल्स

मुहर्रकच्या त्या गल्लीत खुब्जचं दुकान आहे,
शाळेच्या मागच्या फाटकापासून दोनशे बारा पावलं.
मोजली आहेत मी. मोजणं हेच माझं काम.

खुब्ज आणणे : पायऱ्या अकरा.
प्रत्येक पायरीचं एक चित्र, चित्रामागे वेल्क्रो.
ते उखडताना चर्र वाजतं
आणि अद्वयला तो आवाज इतका आवडतो
की पहिल्याच पायरीवर आमचा अर्धा तास जातो.

मिरजेच्या आत्यानं फोनवर विचारलं होतं,
शिकवतेस काय तिथं?
भाकरी आणायला, म्हटलं.
हसली. एवढ्यासाठी विमानानं गेलीस होय गं?

फाटक. फुटपाथ. थांब. गाडी बघ. चल.
हे सगळं येतं त्याला आता.
जेरिनला येत नाही, तो गाडीला हात करतो
आणि गाड्या थांबतात, पांढऱ्या, भल्यामोठ्या,
आतून कुणीतरी हात हलवतं.
हे कुठल्याच चित्रात नव्हतं.
लतीफा रांगेत उभी राहते, तीही सगळ्यात पुढे,
कारण तिच्या मते रांग तिच्यापासूनच सुरू होते.

सातवी पायरी : नाणं देणे.
इथे अद्वयची मूठ मिटते.
दोन रंगांचं ते नाणं सकाळी आईनं दिलेलं,
बसमध्ये तापलेलं, घामानं ओलं.
काउंटरपलीकडे भट्टी,
भट्टीच्या तोंडाशी गुलाम हैदर, लांब सळई,
फुगलेली पोळी भिंतीवरून सुटते तेव्हा
अद्वयचे डोळे तिच्याबरोबर वर जातात.
मूठ मात्र तिथेच.

माझ्या तक्त्यात तीन अक्षरं आहेत.
ह म्हणजे हातावर हात ठेवून.
स म्हणजे सांगून.
आ म्हणजे आपणहून.
सातव्या रकान्यात ऑक्टोबरपासून
ह, ह, ह, ह,
कुणीतरी पानभर उसासे टाकावेत तसं.

(तीन शाळांनी त्याला परत पाठवलं होतं.
एकीनं जागा नाही म्हटलं, एकीनं काहीच म्हटलं नाही.
हिदच्या गोदीत क्रेन चालवणारे बाबा
पहिल्या दिवशी फक्त एवढंच बोलले,
मॅडम, फी भरू आम्ही. तुम्ही घाई करू नका.)

परवा रांगेत निळ्या कपड्यांतला एक माणूस होता,
खांद्यावर सिमेंट, पायात दोन वेगवेगळ्या चपला.
खिसे चाचपत होता. एकदा, पुन्हा एकदा,
मग उगाच वरचा खिसाही, ज्याला बटण होतं.
अद्वयनं भट्टीवरून नजर काढली.
मी हात पुढे केला नव्हता.
काही बोललेही नव्हते.
त्यानं मूठ उघडली
आणि नाणं त्या माणसाच्या तळव्यावर ठेवलं.

माणूस नाण्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
मला त्याची भाषा येत नव्हती.
मी मान हलवली. होकाराची की नकाराची,
आता आठवत नाही.
त्यानं गरम पोळ्या घेतल्या, एक अद्वयला दिली,
आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात आपली गुंडाळून
मागे न बघता निघून गेला.

शाळेत बसून मी सातव्या रकान्यात लिहिलं : चूक.
खोडलं.
लिहिलं : आ.
पण नाणं दुकानदाराला द्यायचं होतं.
बुदूर मॅडम विचारतील, पुरावा काय.
शेवटी कागदाला भोक पडलं खोडून खोडून,
बरोबर सातव्या रकान्याच्या जागी.

रात्री त्याच्या आईचा आवाज आला फोनवर,
थोडा चिडलेला, थोडा तसा नसलेला:
अहो टीचर, काय शिकवलंत त्याला?
लिफ्टमधल्या बाईंना नाणं दिलं त्यानं,
वॉचमनला दिलं, समोरच्या आजोबांना दिलं,
बाबांच्या ड्रॉवरमधली सगळी संपवली.
मग जरा वेळ नुसतं पंख्याचं घरघरणं.
आणि मग:
उद्या किती नाणी पाठवू?