दोऱ्याचा नियम

घणसोली, सेक्टर सात. शनिवार, रात्रीचे साडेनऊ.
पंख्याखाली नकाशा उडू नये म्हणून
चार कोपऱ्यांवर चार वाट्या, एकीत शेंगदाणे.
ग्लेन परेराचा पुरोहित
वीस पैलूंचा फासा तळहातावर घोळवत म्हणतो,
माझ्याकडे मंत्र तीनच:
मेलेला उठवणं, आग पाडणं, सैतान पळवणं.
आणि समोर, मी रचलेल्या गावात,
एक बाई उभी आहे. तिची म्हैस पान्हा चोरते.

नियमांच्या पुस्तकात म्हैस नाही.

जागृती मढवी हसली. "आमच्या गावठाणात
काकी मीठ-मोहरी उतरवते, सात मिरच्या विस्तवात टाकते.
ठसका लागला नाही, तर नजर होती.
लागला, तर नव्हती; मग डॉक्टरकडे जा.
फासा कुठंय यात?"

खरंच, कुठंय.
वहीच्या मागच्या पानावर मी लिहायला घेतलं:
रोजच्या देवासाठी फासा टाकायचा नाही.
त्याची किंमत तेलात मोजायची, वेळेत,
आणि आपली अडचण कुणासमोर तरी
मोठ्यानं बोलून दाखवण्यात.
(नारळ लिहिला होता. खोडला.)
झालं की नाही, लगेच कळणार नाही.
एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही,
फक्त हातांना संध्याकाळपर्यंत चुकचुकल्यासारखं होतं.

ग्लेन म्हणाला, मग याला जादू कशाला म्हणायचं?
बघू, म्हटलं.

म्हशीनं दूध दिलं. तिसऱ्या दिवशी, आपल्या मर्जीनं.
बाईनं जागृतीच्या तिरंदाज पोरीला
मनगटात काळा दोरा बांधला.
तो कुणीच कागदावर नोंदवला नाही;
शस्त्रांच्या रकान्यात बसत नव्हता.

अडीच महिन्यांनी, पुलावरच्या लढाईत,
जागृतीचा फासा घरंगळत फ्रिजखाली गेला.
झाडूच्या दांड्यानं ओढून काढला.
जळमटासकट, एक.
पुरोहिताचे मंत्र संपलेले.
खाली नदी, ओहोटीच्या खाडीसारखी काळी,
मीच तशी करून ठेवलेली.
जागृतीनं पेन्सिल घेतली, नावापुढे 'मृत' लिहायला.

मी वही उलटी केली. मागचं पान वाचलं.
लढाईबद्दल तिथं एक अक्षर नव्हतं.
"दोरा तुटला," मी म्हणालो.
एवढंच.

वाचली का, कुणी विचारलं नाही.
ग्लेननं उगाच पंखा एकावर आणला.
जागृती आपलं खरं, रिकामं मनगट
चोळत बसली बराच वेळ,
मग अर्धवट लिहिलेला 'मृ' खोडून
कागदावर फुंकर मारली.
रबराचा चुरा शेंगदाण्यांत उडाला.

ते आम्ही तसेच खाल्ले.