अंगठ्याखाली

असं नाही, तार्सिझिओ. नखानं नको,
अंगठ्याच्या मऊ भागानं दाब,
काच सरकता कामा नये.
मुळाचं टोक केवढंसं, मोहरीच्या टरफलाएवढं.
व्हिनेगरचा वास नाकात जाईल, जाऊ दे.
एकोणीस वर्षं माझ्या कॉफीलाही तोच येतो.

ठेव ती. इकडे भिंगाला डोळा लाव.
ही कांद्याची गुणसूत्रं.
प्रत्येकाला एकच आवळलेली कंबर,
चातीचे धागे नेमके तिथेच धरतात,
बोचकं गाठीला धरून उचलावं तसे.
ह्यावर मी क्ष-किरण सोडले होते.
तो तुटका तुकडा दिसतो, बाजूला?
त्याच्या वाट्याला गाठ आली नाही.
दोन्हीकडे ओढाओढ चाललीय
आणि तो मधेच उभा, कुणी हाक मारली नाही म्हणून.
पुढच्या पेशीच्या खिजगणतीतही नसेल.

आता ही काच. तारागवत.
वार्झेआच्या बसथांब्यामागे, गटाराच्या कडेला
पांढऱ्या चांदण्या घेऊन उभं असतं,
तुम्ही पोरं तुडवून येता ते.
ह्याला कंबरच नाही.
पकड अंगभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत;
जाळ्याची कड दहा कोळ्यांनी धरावी
तसे धागे येतात.
त्याच यंत्राखाली ठेवलं, तेवढाच वेळ.
तुटलं. तुटतंच.
पण मोज: दहा होती, बारा झालीत,
आणि बाराही निघालीत आपापल्या घरी.

मी शिकवत नाही हं. मी तंत्रज्ञ.
आई होती तोवर नाताळला
आम्ही चौघं कारुआरूला जमायचो.
ती गेली, घर विकलं,
जेनिवाल्दो बेलेमला गेला तो गेलाच.
मला वाटायचं, आम्ही कांद्याच्या जातीचे.

मार्चमध्ये त्याची मुलगी दारात उभी.
सतरा वर्षांची. आजी पाहिलेली नाही, घर पाहिलेलं नाही.
कॉफीचं फडकं धुतलं, पिळलं,
दोन पीळ आणि एक झटका,
आणि खिळ्याला नाही, खिडकीच्या कडीला अडकवलं.
कारुआरूच्या घरात खिळा नव्हता.

हसू नकोस. हे गुणसूत्रांत नसतं, मला कळतं.
बापाचं बघून शिकली असेल.
पण बाप तर तुटलेला होता ना?

चल, काचेवर तारीख घाल.
पेन्सिलनं. शाई अल्कोहोलमध्ये जाते.