नऊ पिनांची वायर

मुश्ताकभाई, पातळ नका दाखवू.
पानासारखा उचलता येतो म्हणता,
पण आमच्या टेबलावर रोलिंग मिलची काळी भुकटी बसती,
मे महिन्यात जालन्याचं ऊन पत्र्यातून गळतं,
तिथं पान करपतं.

गेम खेळायचा नाही मला. पिक्चरही नाही.
सळई ओढायचीय.

दोन जबड्यांत सोळा एमएमची सळई धरायची,
मशीन ताणत जातं,
आधी सरळ रेघ, मग जराशी डगमग,
मग सळई कमरेत बारीक होती
आणि फाटकन तुटती.
शेडबाहेरचं कुत्रं उठून जातं.

तेवढा क्षण तुमच्या यंत्रानं झोपू नये.
पॉवर म्हणजे मला एवढीच पाहिजे.

जुनं झोपलं होतं.
ऐन तुटताना पडद्यावर भोवरा फिरत राहिला.
सळईचे दोन तुकडे खाली,
आणि आलेखात ती अजून अखंड.
भुजंग म्हणला, "वैजूताई, टाका की सही, कोण बघू लालंय?"
तो माल कुणाच्या तरी जिन्यात जाणार होता.
मी सही केली नाही.
शेठ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी
सत्तर हजार मोजून म्हणाले, बिल पक्कं आण.

तर बत्तीस जीबी, हो.
सोळावर ड्रॉइंग उघडलं की मोजणीला धाप लागती.
पंख्याची जाळी मोठी. आकडे उजव्या हाताला वेगळे.
आणि हे कुठं बसतं, सांगा.

पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली:
नऊ पिनांची वायर.
मशीन दोन हजार सातचं, दुसरी भाषा बोलत नाही.

दुकानातला पोरगा हसला.
एकेक लॅपटॉप फिरवून पाहिला.
कडा सगळ्या गुळगुळीत,
भोकं दोन-तीन, तीही चपटी.

मुश्ताकभाई उठले. मागच्या कपाटातून
वडलांच्या वेळचा बिस्किटाचा डबा काढला.
स्क्रू, रिमोटची झाकणं, मेलेले सेल,
तळाशी बोटभर एक जोड. फुंकर मारली.
"साडेतीनशे," म्हणाले.
मग, "राहू द्या. चहाचे द्या."

लावला.
बराच वेळ काहीच नाही.
मग कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात: कॉम थ्री.
मी भर दुकानात म्हणलं, "दिसलं गं माय!"

आता मंठा चौफुलीवरून रिक्षात,
मांडीवर अडीच किलो, भरल्या डब्यासारखं धरलेलं.
भुजंगनं सळई लावून ठेवली असंल.
जुन्यातलं सगळं ह्याच्यात घ्यायचंय,
फक्त ती एक फाईल,
तुटूनही न तुटलेली,
घ्यायची का तिथंच ठेवायची
ते ठरंना.