दोन इंची

आर्डिथ म्हणाली, आधी चार फाका कर.
मी म्हटलं, फळ्या कमी निघतील, अरुंद निघतील,
केवढा ओक भुशात जाईल.
ती म्हणाली, लॉयल हेच म्हणायचा.
त्याने कापलेल्या फळ्या बघ जा गोठ्यात,
द्रोणासारख्या वळल्यात.

तिची मुलगी माझ्याशी आता बोलत नाही.
करवत माझी आहे, म्हणून आर्डिथ बोलते.

ओंडका उभा चिरला, मग अर्धुकं पुन्हा उभी.
फाकेच्या टोकाशी गाभ्याचा कोपरा,
तो पहिल्यांदा उडवायचा.
झाडाचं बालपण ते, ती म्हणाली,
तेच सगळ्यात आधी तडकतं.
मग एक फळी या अंगाने,
फाक लोळवायची पहारीने,
एक त्या अंगाने,
वर्षांच्या रेघा फळीत उभ्या उतरल्या पाहिजेत.
ग्रीनब्रायरच्या उतारावर नोव्हेंबरचं पातळ ऊन,
पात्यावर पाण्याची ठिबक,
आणि भुशाला वास
लोणच्याच्या रिकाम्या बरणीचा.

तिसऱ्या फाकेत फळीवर निळा डाग आला,
दौत लवंडल्यासारखा.
मी करवत रेटणार, तेवढ्यात तिचा हात वर.
पुढे लोखंड आहे.
ओक आधी शाईने कळवतो,
न वाचणाऱ्याचं पातं मोडतो.

छिन्नीने पोखरलं तासभर.
निघाला कुंपणाचा खिळा,
आणि खिळ्यात अडकलेला, विजेच्या तारेखालचा
चिनीमातीचा पांढरा गट्टू, टवकासुद्धा न उडालेला.
ती म्हणाली, या तारेला लॉयल एकदा चिकटला.
तेव्हा आमची धड ओळखही नव्हती.
मी हसले.
म्हणून पुढचं सगळं.
गट्टू तिने कोटाच्या खिशात टाकला.

फळीवर पाणी मारलं,
तर उभ्या रेघांना आडवे छेदत
चमकले किरण, मासळीच्या पोटासारखे.
लॉयलच्या फळ्यांतही आहे हे, ती म्हणाली,
फक्त कडांना,
कुणी बघत नाही तिथे.

अंधार पडेपर्यंत टोकांना मेण फासलं,
मधे पट्ट्या ठेवत थर रचले,
वर पत्रा, पत्र्यावर दगड.
इंचाला एक वर्ष, असा इकडचा हिशेब,
आणि फळ्या तिने दोन इंची कापून घेतलेल्या.
आर्डिथ ब्याऐंशीची.

कानामागची पेन्सिल काढून
तिने वरच्या फळीवर तारीख घातली,
आजची नव्हे, दोन वर्षांनंतरची,
आणि विचारलं,
पातं धारेला कधी नेतोस?
अजून एक ओंडका आहे ओढ्याकडे.