फुकटाचा थेंब

मत्राच्या बाजारात, जिथे लाकडी छत संपतं
आणि समुद्राचा वास उदाच्या धुरात शिरतो,
तिथे शब्बीर हमदुल्यांचं दुकान. साडेचार हात रुंद.
हर्णैहून आले तेव्हा दाढी फुटायची होती,
आता आहे ती मेंदीत भिजलेली.

मी रुवीत, एका ॲपच्या कंपनीत.
काम काय विचारलं की जीभ अडखळते:
फुकट कुठवर द्यायचं आणि कुठे थांबवायचं
ती रेघ आखतो मी.
गेल्या महिन्यात एका बटणाचा रंग
हिरव्याचा केशरी केला,
शंभरात दोघं पैसे भरायची ती सव्वादोन झाली.
कंपनीने केक कापला.

"पाव माणूस कसं दिसतं रे?" चाचांनी विचारलं.

मग काचेची कांडी बुडवली, माझं मनगट ओढलं.
"हा थेंब. याचे पैसे नाहीत.
खोटा नाही हां, पाणी नाही घातलेलं.
थेंबात लबाडी केलीस तर बाटली कोण घेणार?
पण टिकायचा असर ते मगरिब.
रात्रभर टिकला तर माणूस उद्या येत नाही,
लगेच उडाला तर कधीच येत नाही.
शंभर मनगटं, तीन बाटल्या. असा हिशेब.
आणि न घेणारे ते सत्त्याण्णव
हात हलवत अख्ख्या बाजारात फिरतात.
जहाजातून उतरलेली एखादी बाई
त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मागे मागे माझ्या दारात येते.
तिच्या एका बाटलीत सगळ्यांचे थेंब वसूल.
तुमच्या ऑफिसात याला काय म्हणतात?"

मी सांगितलं.

"एवढा मोठा शब्द," म्हणाले, "दुकानात मावायचा नाही."

रोज असरनंतर मोतालेब यायचा.
मासळीबाजारात बर्फ फोडणारा,
हात आधी लिंबाने घासून.
थेंब घ्यायचा आणि कठड्याशी जाऊन
बारिसालला बायकोला फोन लावायचा,
मनगट पडद्याजवळ न्यायचा.
वास तिकडे जात नाही हे तिला माहीत,
तरी ती नाक पुढे आणायची.
वीस मिनिटांनी पडदा राखाडी व्हायचा:
माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी आखलेली रेघ.
तो पुन्हा लावायचा. पुन्हा वीस.

चार वर्षं. पाव तोळासुद्धा नाही.
माझ्या तक्त्यात असा माणूस लाल रांगेत पडतो:
वापरतो, देत नाही.
एकदा म्हटलंही, याला बंद करा चाचा.
त्यांनी असं पाहिलं
की मी बाटल्यांवरची लेबलं वाचू लागलो.

मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला. कायमचा.
त्या दिवशी तो असरच्या आधीच आला,
नव्या शर्टात, घडीच्या रेषांसकट.
चुरगळलेले रियाल काउंटरवर तळहाताने सरळ केले.
"वो वाला. आधा तोला."
मला वाटलं, चाचा आता म्हणणार, राहू दे.
नाही म्हणाले. मोजले.
दोनशे बैसे कमी भरले, ते मागितले.
त्याने दुसऱ्या खिशातून दिले, मान ताठ.
मग बाटलीला सोनेरी दोरा बांधला,
जहाजावरच्या बायांसाठी ठेवलेला.

तो दारापर्यंत गेला.
"ए मोतालेब. हात?"
आणि कांडी बुडवली.
त्याच्या मागोमाग मीही हात पुढे केला.

रात्री ऑफिसात मीच लिहिलेली ओळ उघडली:
तुमची मोफत मुदत तीन दिवसांत संपत आहे.
तिच्यावर बोट ठेवून बसलो.
इशाची बांग केव्हाच होऊन गेली होती.
मनगटाला अजून वास येत होता.