निरंक

गजूच्या पानठेल्यावर जूनभर एकच गोष्ट:
डावा कोपरा कोण धरणार.
राऊतचं बी.ए. झालं, तो गेला, त्याचं काही नाही,
पास झालेल्याला कोणी अडवत नसतं.
पण धिकार?

“चालला म्हंते नागपूरले.”
“कोन म्हंते?”
“त्याच्या रूमवरचा पोट्टा. फी माफ, मेस माफ,
वरून रोज दोन अंडे अन् मॅटवर प्रॅक्टिस.”
“मंग आपन का उपाशी ठेवलं त्याले?”
अन्वर वेल्डर उसळला, कारण दूध त्याच्या घरचं होतं,
अर्धा लिटर, दोन वर्षं, एक खाडा नाही,
तान्ह्या पोळ्याला म्हैस आजारली तेवढा सोडून.

मी खर्रा घोटत गप्प.
अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये होता, तिसरा दिवस.
कनिष्ठ लिपिक मी,
टी.सी.चं रजिस्टर माझ्याकडे.

बापूराव लाइनमन, रिटायर,
मॅचचे गुण काड्यापेटीच्या काड्यांवर मोजतात.
एक काडी दातात धरून म्हणाले,
“धिकार तरी आपला कुठचा बे?
धारनीच्या आश्रमशाळेतून आपनच उचलला ना,
अकोटवाल्याईच्या तोंडातून,
बारावीचा निकालबी नव्हता लागला.
तवा तिकडच्या ठेल्यावर कोन रडलं असन,
गेलतो का आपन पाहाले?”

गजूने उगाच पानांवर पाणी मारलं.

आठ दिवस मी त्याला फिरवला.
साहेब मीटिंगला. शिक्का सापडत नाही. उद्या ये.
तो यायचा. पंख्याखाली उभा राहायचा, बूट हातात,
फरशी नुकतीच पुसलेली म्हणून.
नवव्या दिवशी म्हणाला,
“सर, तिथं मॅट हाय.
इथं पडलं का गुडघ्यात मुरूम जाते.
मागच्या साली गेला थो अजून आतच हाय. पाहता?”
पॅन्ट वर केली.
कातडीखाली काळा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा.
त्या मुरमाचं बिल मीच टाइप केलं होतं.
चार ट्रॉल्या लिहिल्या.
आल्या दोन.

मग ना-देय फॉर्म काढला.
ग्रंथालय: निरंक.
वसतिगृह: निरंक.
क्रीडा विभाग: जर्सी क्रमांक चार येणे, रुपये दोनशे ऐंशी.
“हरपली,” तो फरशीकडे पाहून म्हणाला.
त्याच्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती
आणि निळी बाही मला स्वच्छ दिसत होती.
मी खिशातून पैसे काढले, पावती फाडली,
लिहिलं: निरंक.
सोडण्याचे कारण: पुढील शिक्षण.
वर्तणूक: चांगली.
त्या रकान्यात याहून जास्त लिहायची पद्धत नाही.

ठेल्यावर मी कोणालाच सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही, फक्त त्या संध्याकाळी
अन्वरने माझ्या चहाचे पैसे दिले नाहीत.

ऑक्टोबरात आंतरमहाविद्यालयीन आपल्याच मैदानावर.
तो पिवळ्या जर्सीत आला, केस बारीक कापलेले.
आपला झांबरे बोनसला गेला,
आणि त्याने घोटा धरला, तसाच, डाव्या कोपऱ्यातून,
आपल्याच मुरमात लोळवला.
“धर, धिकार, सोडू नको!” अन्वर ओरडला,
आणि मग इकडे तिकडे पाहून
रुमालाने मान पुसत बसला.
बापूरावांनी काडी ठेवली,
आपल्या बाजूला.
पुढची पण.
त्याच्या पुढचीही.
कोणी टोकलं नाही.

खेळ संपला तेव्हा काड्यांवर
आपण तीन गुणांनी जिंकलो होतो.
फळ्यावर काही वेगळंच होतं.

येताना कोणी फारसं बोललं नाही.
गजूने बल्ब लावला, सुपारी कातरायला घेतली,
आणि कोणाकडेच न पाहता म्हणाला,
“चिखलदऱ्याकडे एक पोट्टं हाय म्हंते.
अकरावीत.
हात असे लांब.”