ळ मधली हवा

खानावळीच्या पाटीतला ळ जांभळा पडला
तेव्हा वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर
शेवटची पंगत बसत होती.
खा, ना, व अजून लालभडक,
आणि शेवटी हा एकटा
सोलकढीच्या रंगाचा.

वैतीबाईंचा फोन: "पोरी, तुझ्या ळ ला काय झालंय बघ."
माझ्या म्हणजे मी वाकवलेल्या.
माझा पहिला.

नाखवामामा म्हणायचे, ग, म कोणीही वाकवील.
ळ करताना काच दोनदा स्वतःकडे वळते,
आणि दुसऱ्या वळणाला हात म्हणतो, पुरे.
नेमकी तिथेच ती चिमटते.
म्हणून तोंडात रबरी नळी धरायची,
काच मऊ आहे तोवर आतून हळू फुंकत राहायचं.
मी फुंकलं होतं.
जरा कमी.

शिडी लावली. खिशातून फुटक्या सीडीचा तुकडा काढला,
त्यात आधी खा बघितला:
लाल, नारिंगी, पिवळ्या सुट्या रेघा,
फणीच्या दातांसारख्या.
मग ळ:
रेघांच्या जागी पट्टे, निळे, जांभळे, कडेला विरलेले.
नायट्रोजन.
म्हणजे हवा. म्हणजे चीर.

"हवेला कुठे रंग असतो गं?"
खालून, हातात डाव.

असतो, वैतीबाई, पण धक्का बसल्याशिवाय दाखवत नाही.
आत विजेचे कण सुटलेत.
इथे, तुमच्या-माझ्या मध्ये, त्यांची दैना असते,
इतकी दाटी, की वेग यायच्या आत कोणावर तरी आदळतात.
नळीत हवा विरळ.
लांब उडीआधी पोरं घेतात तशी धाव घेता येते तिथे.
मग जो रेणू वाटेत सापडतो
तो उचलला जातो एका माळ्यावर,
आणि तिथे राहणं त्याला झेपत नाही,
पापणी लवायच्या कितीतरी आधी खाली येतो,
चढताना घेतलेलं उजेडात टाकून.
माळ्यांची उंची ठरलेली, म्हणून रंगही ठरलेले.
निऑनचं घर वेगळं, त्याचे माळे वेगळे.

"म्हणजे उधारी ठेवत नाही," त्या म्हणाल्या.
त्यांच्या गल्ल्याखाली तीन वह्या आहेत उधारीच्या.

त्या दिवशी पंपावर मामा होते.
हवा ओढली जाताना हाच रंग आला होता नळीत,
आधी धाग्यासारखा वळवळत, मग काठोकाठ.
"बघ, चालली," म्हणाले,
आणि मला बघता यावं म्हणून
पंपाची तोटी मिनिटभर बंद ठेवली.
एरवी वीज मोजून वापरणारा माणूस.
चेंदणीच्या घाटावर त्यांना पोचवलं
त्याला दोन वर्षं झाली आषाढात.

वाटतं म्हणावं, तीच हवा ही, तेव्हाची, मागे राहिलेली.
नाही.
ती सगळी गेली, मी डोळ्यांनी पाहिली.
ही खानावळीची:
बोंबलाचा धूर, बसचं डिझेल,
रांगेतल्या कोणाचा तरी खोकला.
नायट्रोजनला वास नसतो, हे मला माहीत आहे.

आठ दिवस, फार तर दहा.
चिरेतून हवा येत राहील, आत दाटी होईल,
कणांना धावायला जागा उरणार नाही.
मग ळ विझेल, आणि चारी अक्षरं एका वायरीवर,
म्हणजे पाटीच विझेल.

"एलईडीवाला येऊन गेला," वैतीबाई म्हणाल्या.
"अर्ध्या पैशात देतो म्हणाला. नमुना पण दाखवला."
मग?
"खानावल लिहिलंन् मेल्याने."

चार-पाच जण खरकट्या हातांनी बाहेर आले होते,
वर बघत.
एकाने विचारलं, मुद्दाम केलंय का हे?
मी उत्तर दिलं नाही.
"आजची रात्र राहू दे," वैतीबाई म्हणाल्या. "जेवलीस का?"

उद्या उतरवीन. बर्नर पेटवीन, नवी काच घेईन,
दुसऱ्या वळणाशी थांबेन थोडी,
आणि या वेळी
जास्त फुंकेन.